डोक्यातला स्लॅब

अरविंद निमकर आमच्या ऑफिसात रुजू झाले त्याच्या चौथ्याच दिवशी त्यांच्याबद्दल पहिली तक्रार आली. एका बिल्डरने त्यांना आपलं नवं काम दाखवायला नेलं होतं. टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या उत्तरेला, जिथे आदल्या वर्षीपर्यंत गुरं चरत होती, तिथे चार मजली लाकडी अपार्टमेंट्सची रांग उभी राहत होती. निमकर सगळीकडे फिरले, एका भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं आणि विचारलं, "ही इमारत तुम्ही किती वर्षं ठेवणार?"

"पाच. मग विकणार."

"मग ठीक आहे," निमकर म्हणाले.

बिल्डरने संध्याकाळी आमच्या बॉसला फोन केला. बॉसचं नाव डेव्ह. तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "तुमच्याच गावचे आहेत ना ते? जरा समजाव." मी पुण्याची, निमकर अमरावतीचे. आमच्यात सहाशे किलोमीटर आणि वीस-बावीस वर्षं होती. पण हे डेव्हला सांगण्यात वेळ गेला असता, म्हणून मी सरळ निमकरांकडे गेले.

"मी 'ठीक आहे' म्हणालो," ते म्हणाले. "शिवी कुठे दिली?"

निमकर तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. स्ट्रक्चरल इंजिनियर. आठवड्यातून तीन दिवस यायचे आणि आमच्या ड्रॉइंग्जवर शेवटचा सही-शिक्का मारायचे. माझं काम ड्रॉइंग्ज त्यांच्यापर्यंत नेण्याआधी तपासणं आणि नंतर शहराच्या परवाना खात्यातून पास करून आणणं. मी त्यांना पहिल्या दिवशी काका म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "ऑफिसात काका नको. काका म्हटलं की माझी चूक काढायला तुला जड जाईल." त्यामुळे ऑफिसात ते निमकर आणि बाहेर, मराठी मंडळात वगैरे, काका. त्यांच्या चुका काढायची वेळ मात्र माझ्यावर फारशी आली नाही.

त्यांची शिक्का मारायची एक पद्धत होती. ड्रॉइंग कितीही चांगलं असो, आतून पाहिल्याशिवाय ते सही करत नसत. जुन्या इमारतीचं काम असेल तर छत उघडायला लावायचे, भिंतीचा ड्रायवॉल कापायला लावायचे. बिल्डर कुरकुरत. डेव्हही कुरकुरे. निमकर म्हणत, "कागदावर सगळ्याच इमारती उभ्या राहतात."

ते शिकागोला शिकले, मग तेलाच्या तेजीत ह्यूस्टनला गेले. तेल पडलं, ऑफिस बंद झालं, तेव्हा टोरंटो. मग व्हँकुव्हर, मग फिनिक्स, आणि शेवटी आमच्या इथे. जिथे बांधकामाची लाट, तिथे निमकर. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी कधी पाहिलं नाही, म्हणत असत की माझं लग्न माणसाशी नाही, क्रेनशी लागलंय. त्या गेल्यावर ते एकटेच राहत. मुलगी कॅलगरीला होती.

साइटवर जाताना गाडी मी चालवायची. निमकर शेजारी बसून खिडकीबाहेर बघत आणि शहरांची तुलना करत. कुठे काय महाग, कुठे शाळा चांगल्या, यात त्यांना रस नव्हता. शहर कशाने बांधलंय एवढंच ते बघत. टोरंटोच्या काचेच्या मनोऱ्यांवर त्यांचा विशेष राग होता. सगळी भिंत काचेची, खाली तळं दिसतं म्हणून लोक खूश, आणि जानेवारीत बाळाचा पाळणा खिडकीपासून लांब सरकवायचा. व्हँकुव्हरने मनोरे बारीक ठेवले, एकमेकांच्या मधून डोंगर दिसावेत म्हणून; ते त्यांना आवडायचं. पण त्याच शहरात त्यांनी रस्तेच्या रस्ते निळ्या ताडपत्रीखाली झाकलेले पाहिले होते. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या गावांतलं गुळगुळीत गिलाव्याचं, बिनछज्ज्यांचं घर कुणाला तरी आवडलं, ते पावसाळी व्हँकुव्हरमध्ये शेकड्यांनी बांधलं, आणि दहा-बारा वर्षांत भिंती आतून कुजल्या. "घराची नक्कल करता येते," निमकर म्हणायचे, "हवेची करता येत नाही."

एकदा मी मुद्दाम विचारलं, "मग चांगलं बांधणारं शहर कुठलं?"

"तेजीत चांगलं कुणीच बांधत नाही. प्रत्येक शहर एकेक गोष्ट विसरतं. टोरंटो थंडी विसरलं. व्हँकुव्हर पाऊस विसरलं. ह्यूस्टन पूर विसरलं. तुझं हे फ्रिस्को पायाखालची माती विसरलंय."

"शिकागो?"

"शिकागो जरा कमी विसरतं. ते एकदा जळलंय."

"आणि फिनिक्स?"

"त्याचं कळायला अजून पंधरा वर्षं लागतील. मी नसेन. तू लक्ष ठेव."

मातीचं ते गमतीने म्हणत नव्हते. आमच्या भागातली चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. आम्ही घर घेतलं त्या ऑगस्टमध्ये निमकर चहाला आले. दारातून आत न येता घराला फेरी मारून आले. भिंतीच्या कडेला जमीन सुटून फट पडली होती, तीत त्यांनी अख्खं बोट घातलं आणि म्हणाले, "घराला पाणी घाल." माझ्या नवऱ्याला वाटलं, हे बागेबद्दल बोलतायत. "काका, गवताला घालतो आम्ही," तो म्हणाला. "गवत मरू दे," निमकर म्हणाले, "पायाला पाणी घाल. भोकांची नळी मिळते, ती घराभोवती पसरून ठेव." आम्ही ठेवली. नवरा पहिले दोन आठवडे, 'पिंडीवर अभिषेक चाललाय' म्हणून हसला. ऑक्टोबरमध्ये शेजाऱ्यांचं बेडरूमचं दार लागेनासं झालं, तेव्हा हसायचा थांबला.

आपल्या लोकांबद्दल निमकरांचं एक निदान होतं. ते म्हणत, "आपल्या माणसाच्या डोक्यात स्लॅब असतो." आपण वाढलो सिमेंटच्या इमारतींत. जमीन म्हणजे स्लॅब. त्यावर कपाट ठेवा, पाण्याची टाकी ठेवा, लग्नाची पंगत बसवा, तिला काही होत नाही. इथे आल्यावर घर लाकडाचं आहे हे आपल्याला माहीत असतं, पण पायांना माहीत नसतं. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने भारतातून ग्रॅनाइटचं देवघर मागवलं आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसवलं. महिन्याभरात खालच्या खोलीच्या छताला तडा गेला. त्यांनी आधी वास्तुशास्त्रवाल्याला फोन केला, मग निमकरांना. निमकरांनी पाहिलं आणि म्हणाले, "देव जड नाहीत. ग्रॅनाइट जड आहे. खाली आणा." ते कुटुंब मात्र पुढे वर्षभर सांगत राहिलं की देवघराची दिशा चुकली होती.

आता हॉलचं सांगते.

आमच्या मंडळाला जागा नव्हती. मराठी शाळा कुणाच्या तरी गराजमध्ये, गणपतीचा सराव पार्किंगमध्ये. त्या वर्षी मंडळाचा अध्यक्ष मंदार होता. चाळिशीचा, सॉफ्टवेअरमधला, अंगात प्रचंड उत्साह. त्याने एका दुमजली व्यापारी इमारतीचा वरचा मजला शोधून काढला. खाली नेल सलोन आणि दोन बंद दुकानं, वर पूर्वी कुठल्यातरी कंपनीचं ऑफिस. मोठा, मध्ये एकही खांब नसलेला हॉल. मधे खांब नाही म्हणून सगळे खूश होते. निमकरांना त्याच कारणाने शंका आली.

मंदारला त्यांचं पत्र हवं होतं, की ही जागा कार्यक्रमांना योग्य आहे. निमकरांनी हॉलमध्ये मधोमध उभं राहून टाचांवर एकदा उसळी घेतली आणि जमिनीची थरथर थांबेपर्यंत तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "खालचं छत उघडून दाखवा."

घरमालक म्हणाला, आधी करार करा, मग उघडा. निमकर म्हणाले, आधी उघडा. तिथे अडलं.

"काका, इथे ऑफिसवाले पार्टी करायचे, यार," मंदार म्हणाला. "वीस वर्षं. काही झालं नाही."

"पार्टीत लोक एका तालात पीत नाहीत," निमकर म्हणाले.

त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. खाली लाकडी ट्रस आहेत, म्हणजे दांड्यांच्या जाळीच्या तुळया, लांब पल्ल्याच्या, टेबल-खुर्च्यांच्या हिशेबाने बसवलेल्या. साठ माणसं बसली तर ते उचलतील. साठ माणसं चालली तरी उचलतील. पण लेझीमला साठ जण एकाच क्षणी पाय आपटतात, पुन्हा उचलतात, पुन्हा आपटतात. मग ते साठ राहत नाहीत, भार कितीतरी पटीने वाढतो. "बसायचा कार्यक्रम करा, मी लिहून देतो," ते म्हणाले. "लेझीम नाही. ढोल नाही. गरबा नाही. आतून पाहिल्याशिवाय नाही."

मंडळाची सेक्रेटरी मी होते. गणपती तीन आठवड्यांवर आले होते आणि पार्किंगमध्ये ऊन एकशेचार फॅरनहाइट होतं. मी मधला मार्ग काढला. सगळ्यांना मेल लिहिली: करार न करता हॉल तासांच्या भाड्याने, फक्त सरावापुरता, एका वेळी तीस जण, दोन बॅचेस. तो तीसचा आकडा माझा. मला तो बरा वाटला, एवढंच. निमकरांना मी विचारलं नाही, कारण ते काय म्हणतील हे मला माहीत होतं.

रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. "आज हॉलवर काय आहे?"

"सराव. तीसच जण आहेत."

त्यांनी फोन ठेवला. मी तेव्हा खाली पार्किंगमध्ये गाडीतून पाण्याच्या बाटल्या काढत होते. पंधरा मिनिटांत त्यांची गाडी आली. ते उतरले, पार्किंगवर नजर फिरवली आणि म्हणाले, "तीस जणांना चाळीस गाड्या?"

झालं असं होतं की पहिली बॅच उशिरा आली, दुसरी लवकर, आणि मंदारने दोन्ही एकत्र उभ्या केल्या. मी वर गेलेच नव्हते. खाली फक्त आवाज येत होता, आणि तो छान येत होता.

निमकर वर न जाता आधी नेल सलोनमध्ये शिरले. मी त्यांच्या मागे. सलोनच्या मालकीणबाई नेलपॉलिशच्या बाटल्या फळीवरून काढून जमिनीवर ठेवत होत्या. "अर्धा तास झाला," त्या म्हणाल्या, "बाटल्या चालतायत." छताच्या चौकटींतून बारीक पांढरी भुकटी पडत होती, एका ठरावीक लयीत. निमकरांनी भिंतीला तळहात लावला. त्यांचे ओठ हलत होते. ते ठोके मोजत होते. मग मालकीणबाईंना म्हणाले, "तुम्ही बाहेर जाऊन उभ्या राहा, प्लीज. गिऱ्हाइकांनाही न्या." आणि मला म्हणाले, "वर चल. पळू नकोस. तू पळालीस तर ते पळतील."

जिना एकच होता, दार एकच. वर लेझीमच्या सहा रांगा, पुढे दहा-बारा वर्षांची मुलं, मागे त्यांचे आईबाप, पलीकडच्या टोकाला तीन ढोल. माझ्या पायाखालची जमीन वरखाली होत होती. नाचणाऱ्यांना ते जाणवत नव्हतं, कारण ते तिच्याबरोबरच वरखाली होत होते. निमकर भिंतीच्या कडेकडेने ढोलांपर्यंत चालत गेले आणि मधल्या ढोलाच्या पानावर त्यांनी हात ठेवला. ताल मोडला. रांगा एकेक करून थांबल्या.

"काका, काय चाललंय?" मंदार घामाने निथळत पुढे आला.

"आजचा सराव संपला."

"असं सगळ्यांसमोर? तुमचा मुद्दा कळलाय आम्हाला. आपण नंतर बोलू ना."

"नंतर बोलू. आधी खाली." मग त्यांनी आवाज न चढवता, शाळेत हजेरी घ्यावी तसं सांगितलं, "पहिली रांग. लेझीम हातात घट्ट धरा, वाजवू नका. भिंतीच्या कडेने दाराकडे. पाय एकत्र टाकू नका, आपापले चाला."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "आर वी इन ट्रबल?"

"नो," निमकर म्हणाले. "युवर प्रेसिडेंट इज."

मुलं हसली. ते हसू फार कामाला आलं. एकही जण पळाला नाही. दाराशी मात्र गर्दी झाली, कारण सगळ्यांच्या चपला-बूट तिथे काढलेले होते. साठ जणांचा ढीग. जो तो वाकून आपला जोड शोधायला लागला. एका आईने मुलाला तसंच अनवाणी ओढलं, तो रडायला लागला आणि मागून रेटारेटी सुरू झाली. निमकर लगेच तिथे जाऊन उभे राहिले. "सावकाश. घाई नाही. बूट घाला, नीट घाला, मग उतरा. खाली डांबर तापलंय." रेटारेटी थांबली. लोक उभ्याउभ्या लेस बांधायला लागले. हॉल रिकामा व्हायला तीन-चार मिनिटं लागली. शेवटी मंदार, मग मी, मग निमकर.

जमीन पडली नाही. काहीच झालं नाही. आणि जेव्हा काहीच होत नाही तेव्हा काय होतं ते मी पुढचे तीन दिवस व्हॉट्सॲपवर वाचलं. काकांचं वय झालं. काकांना मंडळात मान हवाय. पोरांचा मूड घालवला. निमकर त्या ग्रुपवर होते. त्यांनी एकालाही उत्तर दिलं नाही.

बुधवारी सलोनच्या मालकीणबाईंनी घरमालकामागे लागून छत उघडायला लावलं. आम्ही खाली उभे होतो: निमकर, मंदार, मी आणि घरमालकाचा कंत्राटदार. निमकरांनी शिडीवर चढून टॉर्च मारला, आधी मधोमध, जिथे त्यांना भीती होती. मधले ट्रस ठणठणीत होते.

"काका, सगळं ओके आहे," मंदार म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती आणि थोडी चीडही.

निमकरांनी शिडी हलवायला सांगितली आणि टॉर्च बाजूला नेला. दाराच्या बाजूला. तिथे कुणीतरी पूर्वी एसीचा पाइप न्यायला दोन ट्रसचे तिरके दांडे सरळ कापून टाकले होते. त्यांचा भार शेजारच्या ट्रसवर आला होता, आणि त्या ट्रसची खालची पट्टी अर्ध्याहून जास्त फाटलेली होती.

"जुनी भेग आहे," कंत्राटदार म्हणाला.

"जुनं लाकूड करडं पडतं," निमकर म्हणाले. "हे पिवळं आहे."

मंदार खाली एका स्टुलावर बसला. त्याची दोन्ही मुलं त्या दिवशी पहिल्या रांगेत होती.

निमकर शिडीवरून उतरले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "चपला कुठे होत्या?"

मी वर बोट दाखवलं. ते बरोबर त्या भेगेवर होतं.

"किती वेळ उभे होते तिथे?"

"तीन-चार मिनिटं."

"मी थांबवलं होतं त्यांना," ते म्हणाले, आणि टॉर्च बंद केला.

संध्याकाळी मंदारने ग्रुपवर लांबलचक पोस्ट टाकली. माफी मागितली, काकांमुळे आपली मुलं वाचली असं लिहिलं. हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. निमकरांनी मला फोन केला. "सेक्रेटरी म्हणून तू लिही," ते म्हणाले, "की निमकरांनी न पाहता माणसं चुकीच्या जागी उभी केली." मी म्हटलं, लिहिते. लिहिलं नाही. मला गणपती पार पाडायचे होते, आणि त्या मेलमधला तीसचा आकडाही मग लिहावा लागला असता.

सोमवारी त्यांनी शिक्का डेव्हच्या टेबलावर ठेवला. डेव्हने त्यांना खूप समजावलं. नंतर मीही गेले. म्हटलं, "तुम्ही गेला नसतात तर ते आणखी अर्धा तास नाचले असते. कुणाला काही झालं नाही, हे खरं आहे ना?"

"खरं आहे," ते म्हणाले. "का झालं नाही ते मला सांगता येत नाही. ज्याला सांगता येत नाही त्याने सही करू नये."

आजही ते चूक होते असं मला वाटतं, पण त्यांची चूक काढून दाखवणं मला जमलेलं नाही.

त्यानंतर महिन्याभरात ते मुलीकडे कॅलगरीला गेले, आणि पुढच्या वसंतात तिचा फोन आला की ते गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गणपतीच्या दिवशीच.

कार्यक्रम आम्ही एका शाळेच्या जिममध्ये हलवला होता. जिम तळमजल्यावर, खाली पोकळी नाही, काँक्रीटखाली सरळ माती. तिथे हत्ती नाचवले असते तरी चाललं असतं, आणि हे तिथल्या कुणाहीपेक्षा निमकरांना जास्त ठाऊक होतं. लेझीम झकास झाली. ढोल असे वाजले की छातीत दुखावं. मी प्रसादाची ताटं न्यायला बाहेर आले, तर निमकर दाराशी होते. झब्बा, खाली पँट, कार्यक्रमाकडे पाठ. लोकांनी सवयीने चपला दारातच काढून ठेवल्या होत्या. निमकर वाकत, एका हातात दोन आणि दुसऱ्या हातात दोन जोड उचलत, कॉरिडॉरच्या लांबच्या भिंतीपर्यंत नेऊन ओळीने ठेवत, आणि परत येत. दाराजवळची फरशी जवळजवळ मोकळी झाली होती.

मी म्हटलं, "काका, इथे खाली जमीन आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले.

आतून नऊवारीतली एक बाई घाईने बाहेर आली. ती नवीन होती, निमकरांना ओळखत नव्हती. तिला वाटलं, चपलांवर बसवलेले स्वयंसेवक असतील. "काका, काळे सँडल, सोनेरी बक्कल," ती म्हणाली. निमकरांनी भिंतीशी जाऊन ओळीतून तिचे सँडल काढले आणि आणून तिच्या पुढे ठेवले, दारात नाही, दारापासून चांगली दहा पावलं लांब. ती तिथवर चालत गेली, सँडल घातले आणि पार्किंगकडे निघून गेली. निमकर पुढचा जोड उचलायला वाकले.